पॅट मर्फी: तीन कथापट, तीन बायका आणि बोलणारे पुरुष

प्रश्न असा आला आहे: "पॅट मर्फी या आयरिश दिग्दर्शिकेचं नाव स्त्रीवादी सिनेमाची चर्चा निघाली की हमखास निघतं. पण मोजायला गेलं तर तिचे कथापट तीनच. मग एवढा दबदबा कशाचा? की कारकीर्द अर्धवटच राहिली म्हणायची? आणि पाहायचे झाले तर सुरुवात कुठून करावी?"

मी पेशाने संकलक आहे आणि रसग्रहणाच्या वर्गात हे चित्रपट दाखवत आले आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी नुसता हिशेब मांडते. १९७७ मध्ये लंडनला शिकत असताना केलेला 'रिच्युअल्स ऑफ मेमरी' हा छोटा चित्रपट. मग १९८१ चा 'मेव्ह' (जॉन डेव्हिस सहदिग्दर्शक), १९८४ चा 'अ‍ॅन डेव्हलिन' आणि थेट २००० साली 'नोरा'. त्यानंतर २०१५ मध्ये वाराणसीच्या विणकरांवरचा 'ताना बाना' हा माहितीपट. तिन्ही कथापटांना बायकांची नावं आहेत. आणि तिन्हींत त्या बाईभोवती सतत बोलणारे पुरुष आहेत. कुणी गोष्टीवेल्हाळ बाप, कुणी चळवळीचा कार्यकर्ता, कुणी फाशीच्या आधी गाजलेलं भाषण करणारा क्रांतिकारक, तर कुणी विसाव्या शतकातला सगळ्यात नावाजलेला कादंबरीकार.

माझ्या मते मर्फीचं सगळं काम इथे आहे. आयर्लंड हा बोलण्यावर पोसलेला देश. गोष्ट, गाणं, भाषण, कविता यांवर त्याचं राष्ट्रपण उभं राहिलं. हे सगळं ऐकत कुणीतरी बसलेलं असणारच, आणि ती बहुधा बाई असते. मर्फी कॅमेरा या ऐकणाऱ्या बाईच्या शेजारी नेऊन ठेवते आणि मग ते बोलणं कसं ऐकू येतं ते आपल्याला दाखवते. 'स्त्रीवादी दिग्दर्शिका' म्हटल्यावर अन्याय झालेली नायिका आणि शेवटी तिचा विजय अशी अपेक्षा असेल, तर हे चित्रपट तुमची निराशा करतील.

मर्फीचा जन्म १९५१ चा, डब्लिनमधला. पुढे कुटुंब ब्रिटनच्या ताब्यातल्या उत्तर आयर्लंडमध्ये, बेलफास्टला गेलं. म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंचं आयर्लंड तिने राहून पाहिलेलं आहे. नंतर लंडनच्या हॉर्न्सी आणि रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये आणि न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमच्या अभ्यासक्रमात तिचं शिक्षण झालं. त्या वेळचं लंडन फिल्म थिअरीने भारलेलं होतं. लॉरा मल्व्हीचा पुरुषी नजरेवरचा निबंध १९७५ साली आला होता आणि पडद्यावर बाईला कोण, कुठून आणि कशासाठी पाहतंय यावर तावातावाने वाद चालत. ही थिअरी मर्फीच्या हाडीमांशी भिनलेली आहे. 'मेव्ह'मध्ये तर ती कधी कधी बोचण्याइतकी वर येते.

'मेव्ह'ची गोष्ट एका ओळीत सांगता येते: लंडनला गेलेली मेव्ह स्वीनी ही कॅथलिक घरातली मुलगी काही दिवसांसाठी बेलफास्टला परत येते. घरी आई, वडील आणि बहीण रोशीन आहेत, आणि लियम नावाचा जुना प्रियकर आता रिपब्लिकन चळवळीत, म्हणजे उत्तर आयर्लंडमधून ब्रिटिश सत्ता घालवू पाहणाऱ्यांत आहे. पैसा ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या प्रॉडक्शन बोर्डाचा आणि आरटीई या आयरिश दूरचित्रवाणीचा. चित्रपट आला त्याच वर्षी मे महिन्यात बॉबी सँड्स हा रिपब्लिकन कैदी तुरुंगातल्या उपोषणात मरण पावला. अर्मा तुरुंगातल्या रिपब्लिकन स्त्री कैद्यांचं आंदोलन आदल्याच वर्षी सुरू झालं होतं, आणि हा स्त्रीवादाचा प्रश्न आहे की नाही यावर आयरिश स्त्रीवाद्यांमध्ये सरळ दोन तट पडले होते. अशा हवेत ब्रिटिश सैन्याविरुद्ध बोलणं सोपं होतं आणि ब्रिटिश वर्तमानपत्रांच्या सुरात सूर मिसळणंही सोपं होतं. मर्फीने तिसरीच गोष्ट केली. सैनिकांची दांडगाई ती दाखवते. रस्त्यात अडवून दोघी बहिणींना उड्या मारायला लावणाऱ्या सैनिकांचा प्रसंग पाहताना आजही अंगावर काटा येतो. पण ती स्वतःच्या माणसांनाही मोकळं सोडत नाही.

केव्ह हिलवरचा प्रसंग या चित्रपटाचा कणा आहे. बेलफास्टच्या डोक्यावर उभ्या असलेल्या या टेकडीवर १७९५ साली वुल्फ टोन हा क्रांतिकारक आणि युनायटेड आयरिशमन या त्याच्या संघटनेतल्या साथीदारांनी स्वातंत्र्याची शपथ घेतली होती. आयरिश प्रजासत्ताकवादाचं ते तीर्थच. मर्फीने मेव्ह आणि लियमचं भांडण नेमकं तिथे ठेवलं आहे. तो इतिहास आणि लढा यांबद्दल बोलतो. ती त्याला सांगते की पुरुषांचं बायकांशी नातं इंग्लंडच्या आयर्लंडशी असलेल्या नात्यासारखंच आहे, तुम्ही आमचा ताबा घेऊन बसला आहात. माझ्या वर्गात या संवादावर दर वेळी दोन तक्रारी येतात: हे लोक माणसांसारखं बोलत नाहीत, निबंध वाचतात; आणि मेव्ह उर्मट वाटते. दोन्ही खऱ्या आहेत. लिहिलेपण झाकायचा प्रयत्न मर्फीने केलेला नाही. पात्रं शेजारी शेजारी उभी राहून आपापली बाजू मांडतात. आपण कुणाच्या तरी बाजूने वाहून जावं अशी व्यवस्था ती करतच नाही. आणि मेव्हला लाडकी नायिका बनवण्याचीही तिला गरज वाटत नाही. ती लंडनला जाऊन मोकळी झाली, मागे राहिलेल्या रोशीनला मात्र रोजच्या रोज हे शहर सोसायचं आहे, याची टोचणी चित्रपटात आहे.

संकलक म्हणून मला यात सगळ्यात जास्त रस काळाच्या हाताळणीत आहे. भूतकाळात जाताना ना डिझॉल्व्ह (एक दृश्य विरत दुसरं उमटणं), ना संगीताची खूण. सरळ कट. लहानपणीची मेव्ह आणि आत्ताची मेव्ह एकाच तोलाने समोर येतात, आणि पहिली वीस-पंचवीस मिनिटं बहुतेक प्रेक्षक चाचपडतात. त्यात वडील अधूनमधून थेट कॅमेऱ्याकडे पाहून किस्से सांगतात. माणूस गोड आहे आणि गोष्टही झकास सांगतो. पण हळूहळू लक्षात येतं की त्याच्या गोष्टींमध्ये त्याची बायको जवळजवळ नाहीच. पोरगी बाजूला खेळते आहे, ऐकते आहे, आणि बाप मात्र पडद्यापलीकडच्या कुणाला तरी सांगतो आहे. या ठिकाणी मर्फीने काही फोडून सांगितलेलं नाही. फ्रेम तशीच धरून ठेवली आहे. शेवटी आई आणि दोघी मुली उत्तर किनाऱ्यावरच्या जायंट्स कॉजवेच्या खडकांत एकत्र बसतात, आणि तिकडे एक माणूस समुद्राकडे तोंड करून आवेशाने काहीतरी म्हणत असतो. तिघींपैकी कुणी त्याच्याकडे फारसं लक्ष देत नाही. इतक्या गंभीर चित्रपटाचा हा शेवट मला तरी विनोदी वाटतो.

आता 'अ‍ॅन डेव्हलिन'. माझ्या लेखी हा तिचा सर्वश्रेष्ठ चित्रपट, आणि दुर्दैवाने सगळ्यात कमी पाहिला गेलेलाही. म्हणून इथे थांबते.

पार्श्वभूमी माहीत असेल तर चित्रपट खुलतो. ब्रिटिश सत्तेविरुद्धचं १७९८ चं आयरिश बंड चिरडलं गेलं. पाच वर्षांनी रॉबर्ट एमेट या तरुणाने पुन्हा डाव मांडला. २३ जुलै १८०३ रोजी डब्लिनच्या रस्त्यावर उठाव झाला आणि काही तासांत फसला. एमेट पकडला गेला. २० सप्टेंबरला त्याला थॉमस स्ट्रीटवर मारण्यात आलं. शिक्षा ठोठावली जात असताना त्याने केलेलं भाषण पिढ्यान्‌पिढ्या आयरिश शाळकरी मुलांच्या तोंडी राहिलं.

अ‍ॅन डेव्हलिन ही विक्लोमधल्या शेतकरी घरातली मुलगी, बंडखोर मायकल ड्वायरच्या नात्यातली. रॅथफार्नममधल्या ज्या घरातून एमेट कट चालवत होता तिथे ती वरकरणी मोलकरीण म्हणून राहिली. घर साधं गृहस्थाचं दिसावं म्हणून ती तिथे होती, पण निरोपांची ने-आणही करत होती. उठाव फसल्यावर सैनिकांनी तिला गाडीच्या दांड्याला अर्धवट फाशी देऊन एमेटचा ठावठिकाणा विचारला. तिने सांगितला नाही. नंतर ५०० पौंडांचं आमिष दाखवलं, तरी नाही. सगळं कुटुंब तुरुंगात टाकलं. तिचा लहान भाऊ त्या कैदेपायी दगावला. किलमेनम तुरुंगात एमेटनेच तिला सुचवलं की मी तर मेलोच आहे, माझं नाव सांग आणि स्वतः सुटून जा, असं सांगतात. तिने तेही ऐकलं नाही. १८०६ मध्ये सुटली ती शरीराने मोडून. पुढे धुणीभांडी करून जगली आणि १८५१ साली डब्लिनच्या गरीब वस्तीत वारली.

हे सगळं लोककथेत 'एमेटची निष्ठावान मोलकरीण' एवढ्या चार अक्षरांत बसवलेलं होतं. मर्फीने तिच्या आठवणींचा आधार घेऊन ते उलटं केलं. एमेटवर (बॉस्को होगन) चित्रपट नाहीच. तो अ‍ॅनच्या दिवसातून ये-जा करणारा माणूस आहे. तिच्या दिवसात काम आहे: पाणी, चूल, कपडे, जिने, दारं. बंडाची खलबतं आपल्याला तिच्या कानाने, दाराआडून तुकड्या-तुकड्याने ऐकू येतात. त्याचा हिरवा गणवेश पाहून ती त्याला सुनावते की हा तर लाल कोटवाल्या ब्रिटिश सैनिकांच्याच गणवेशाची हिरवी आवृत्ती झाली. उठाव का फसणार याचं इतकं नेमकं राजकीय विश्लेषण त्या घरातल्या सुशिक्षित पुरुषांपैकी कुणी करत नाही.

छायाचित्रण थॅडियस ओ'सलिव्हनचं. तो पुढे स्वतः दिग्दर्शक झाला. मंद उजेड, स्थिर चौकटी, आणि माणसांना चौकटीत येऊन थांबायला दिलेला वेळ. अ‍ॅनच्या भूमिकेत ब्रीड ब्रेनन आहे, तीच 'मेव्ह'मधली रोशीन. दुसऱ्या अर्ध्यात, तुरुंगात, ती जवळजवळ बोलतच नाही. सगळी सत्ता तिला बोलतं करण्यासाठी राबते आहे: मारून, आमिष दाखवून, नंतर गोडीगुलाबीने. एरवी सिनेमात नायिकेचं मौन म्हणजे सोशिकपणा. इथे मौन हे तिचं काम आहे, आणि ते ती ठरवून करते. एमेटला इतिहासात जागा मिळाली ती बोलण्याने. तिला ती मिळाली नाही, कारण तिचं कर्तृत्व न बोलण्यात होतं, आणि न बोललेलं उतरवून कोण घेणार? हे दाखवण्यासाठी संकलनात जी हिंमत लागते ती प्रत्यक्ष करून पाहिल्याशिवाय कळत नाही. काही न बोलणाऱ्या चेहऱ्यावर शॉट कुठे तोडायचा? हात शिवशिवतो. इथे तो आवरलेला दिसतो.

हा चित्रपट आला त्या आयर्लंडचीही आठवण ठेवायला हवी. १९८३ मध्ये सार्वमत घेऊन गर्भपातबंदी थेट राज्यघटनेत घातली गेली होती. १९८४ च्या जानेवारीत ग्रॅनार्ड गावात एक १५ वर्षांची मुलगी मेरीमातेच्या पुतळ्यापाशी एकटीच बाळंत झाली आणि ती व बाळ दोघंही गेली. गावाला काही माहीत होतं की नव्हतं यावर देशभर बोललं गेलं, आणि मग बायकांची शेकडो पत्रं आकाशवाणीवर वाचली गेली. मर्फीने या घटनेवर चित्रपट केला असं मी म्हणत नाही, तिची तयारी आधीपासूनची होती. पण बाईचं गप्प असणं कुणाच्या सोयीचं, हा प्रश्न त्या वर्षी आयरिश प्रेक्षकाला शिकवावा लागत नव्हता.

मग १६ वर्षं कथापट नाही. प्रश्नातला 'अर्धवट कारकीर्द' हा सूर इथूनच येतो, आणि मला तो पटत नाही. आयर्लंडमध्ये सरकारी फिल्म बोर्ड १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला उभं राहिलं. 'अ‍ॅन डेव्हलिन'ला त्याचा हातभार होता. १९८७ मध्ये खर्चकपातीत ते बंदच करून टाकलं. छोट्या देशात, जिथे खाजगी निर्माता म्हणून कुणी उभा नाही, तिथे बोर्ड गेलं की दिग्दर्शकाची वाट संपते. पुन्हा सुरू झालं १९९३ मध्ये, मायकल डी. हिगिन्स मंत्री असताना. मधली वर्षं कित्येक पुरुष दिग्दर्शकांचीही कोरडी गेली. पण त्यांच्यातले काही लंडन, हॉलिवूड गाठू शकले. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या मोलकरणीच्या मौनावर चित्रपट करणाऱ्या बाईला तिकडून फोन येत नसतात. लिंगभावाचा समतोल हे आयरिश फिल्म बोर्डाने अधिकृत ध्येय म्हणून जाहीर केलं ते २०१५ च्या अखेरीस, आणि तेही डब्लिनच्या अ‍ॅबी थिएटरच्या कार्यक्रमात लेखिका जवळजवळ नाहीतच म्हणून बायकांनी रान उठवल्यावर. तोवर मर्फी साठी ओलांडून गेली होती.

'नोरा' हा तिचा सर्वांत सोपा चित्रपट, आणि म्हणूनच अभ्यासक त्याच्याकडे थोडं नाक मुरडून पाहतात. गॉलवेहून पळून डब्लिनला आलेली, हॉटेलात काम करणारी नोरा बार्नकल आणि कादंबरीकार जेम्स जॉइस यांची १९०४ पासूनची गोष्ट. दोघं लग्नाशिवाय देश सोडतात आणि आता इटलीत असलेल्या त्रिएस्त शहरात संसार मांडतात. सुझन लिंच नोरा, युअन मॅक्ग्रेगर जॉइस. आधार ब्रेंडा मॅडॉक्सने लिहिलेल्या नोराच्या चरित्राचा. पोशाखी, देखणा, सरळ रेषेत जाणारा चित्रपट आहे हे खरं. 'मेव्ह'सारखी मोडतोड इथे नाही. पण जरा बारकाईने पाहा. जॉइस अभ्यासकांनी नोराला बराच काळ अडाणी, नवऱ्याचं पुस्तकही न वाचणारी बाई म्हणून निकालात काढलं होतं. मर्फी दाखवते की तो तिच्या आठवणी काढून घेतो, तिच्या पूर्वीच्या मरण पावलेल्या प्रियकराची गोष्ट घेऊन लिहितो, आणि तिने परपुरुषाकडे पाहावं असं स्वतःच घडवून आणून मग मत्सराने जळतो, कारण त्यालाही साहित्यमूल्य आहे. तिचं जगणं हा त्याचा कच्चा माल आहे. आणि तरी चित्रपट त्याला खलनायक करत नाही, कारण तिला तो हवा आहे, शरीरानेही हवा आहे. पडद्यावर बाईची वासना इतक्या सहज, तिला बेअब्रू न करता आणि प्रेक्षकाला चाळवण्याचा हेतू न ठेवता दाखवणं सोपं नाही. मॅक्ग्रेगरचं नाव पाहून आलेल्या प्रेक्षकाला हे सगळं मिळालं, यात मला तडजोड दिसत नाही.

'ताना बाना'बद्दल थोडक्यात. वाराणसीतल्या मुस्लिम विणकर मोहल्ल्यांवरचा हा माहितीपट. आपल्याकडे लग्नातला शालू जिथून येतो ते हेच हातमाग, म्हणून मराठी प्रेक्षकाला तो दूरचा वाटणार नाही. बायकांची नावं असलेल्या चित्रपटांनंतर हा विषय अनेकांना अनपेक्षित वाटला. मला नाही वाटला: हाताने होणारं काम, घरातच होणारं, आणि ज्याचं श्रेय दुसऱ्याच्या दुकानात जातं, त्याकडे ती पहिल्यापासूनच पाहत आली आहे.

आता पाहण्याचा क्रम. बरेच जण कालक्रमाने 'मेव्ह'पासून सुरू करतात आणि अर्ध्यात सोडतात. मी 'नोरा' आधी दाखवते, मग 'अ‍ॅन डेव्हलिन', आणि शेवटी 'मेव्ह'. 'मेव्ह'ची पुनरुज्जीवित प्रत ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०२१ मध्ये ब्लू-रेवर काढली आहे, ती चांगली आहे. सबटायटल्स लावूनच पाहा, बेलफास्टचे उच्चार आपल्या कानाला पटकन झेपत नाहीत. केव्ह हिलचा प्रसंग आला की एकदा नेहमीसारखा पाहा. मग मागे जाऊन आवाज बंद करा, आणि जो बोलत नाही त्याच्याकडेच बघत पुन्हा पाहा. संकलन शिकत असाल तर कागद-पेन घेऊन बसा आणि कट कुठे, कुणाच्या वाक्यावर आणि कुणाच्या चेहऱ्यावर पडतो ते टिपून घ्या.